मुरुमांवरची प्रतिजैविके: उपयोग, मर्यादा आणि थांबवण्याची तारीख

मुरुमांसाठी डॉक्टरांकडे गेलेल्या मुलामुलींच्या चिठ्ठीवर बहुधा दोन गोष्टी असतात: रात्री लावायचे एक मलम आणि रोज घ्यायची एक कॅप्सूल. मलमाने सुरुवातीचे काही दिवस त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, सालपटे निघतात, म्हणून ते लवकरच मागे पडते. कॅप्सूल सोयीची असते, ती चालू राहते. महिन्याभरात चेहऱ्यावरची लाली उतरू लागते, दोन महिन्यांत घरच्यांनाही फरक जाणवतो. मग तीच जुनी चिठ्ठी केमिस्टला दाखवून आणखी एक स्ट्रिप, मग आणखी एक, असे करत सहा महिने, वर्ष कधी उलटते ते कळतही नाही.

ही कॅप्सूल किंवा गोळी बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लीन, मिनोसायक्लीन किंवा अझिथ्रोमायसीन यांपैकी एका प्रतिजैविकाची असते. मुरुमांवर पोटातून प्रतिजैविके देण्याची पद्धत १९५०च्या दशकापासूनची आहे. इतक्या वर्षांत जमा झालेला पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. ही औषधे गुणकारी आहेत, पण ठरावीक रुग्णांसाठी आणि थोड्या काळापुरती. ती एकटी कधीच द्यायची नसतात आणि ती सुरू करतानाच केव्हा थांबवायची हे ठरलेले असावे लागते. आपल्याकडे नेमके हेच ठरवायचे राहून जाते.

मुरूम हा संसर्ग नव्हे

घरोघरी मुरुमांचे खापर पोटातल्या उष्णतेवर, अशुद्ध रक्तावर किंवा चेहरा नीट न धुण्यावर फोडले जाते. खरी प्रक्रिया त्वचेतल्या केसाच्या मुळाशी आणि त्याला जोडलेल्या तैलग्रंथीत घडते. वयात येताना अँड्रोजेन गटातल्या संप्रेरकांमुळे या ग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात. त्याच वेळी केसाच्या नलिकेच्या आतल्या पेशी सुट्या होऊन गळून पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात आणि नलिकेचे तोंड बुजते. बुजलेल्या जागेत तेल साचते. तोंड उघडे राहिले तर काळ्या टोकाचा, बंद झाले तर पांढऱ्या टोकाचा बारीक दाणा दिसतो.

या तेलकट आणि प्राणवायू कमी असलेल्या जागेत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो. २०१६पर्यंत त्याचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असे होते. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर असतो, ज्यांना आयुष्यात कधी मुरूम आला नाही त्यांच्याही. बाहेरून शिरलेला तो शत्रू नाही. मात्र बुजलेल्या नलिकेत त्याची संख्या वाढली आणि त्याच्या काही उपजाती वरचढ झाल्या की शरीराची प्रतिकारयंत्रणा चवताळते. नलिकेची भिंत फुटली तर आतला ऐवज आजूबाजूच्या त्वचेत पसरतो, दाह वाढतो, लाल फोड येतो, पू धरतो, कधी खोल गाठ बसते. पुढे त्याचाच काळा डाग किंवा खड्डा राहतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर हे डाग मुरूम बसल्यावरही कित्येक महिने टिकतात आणि रुग्णांना मुरुमांपेक्षा तेच जास्त खुपतात.

तेल, नलिकेचे बुजणे, जिवाणू आणि दाह या चार कड्यांपैकी प्रतिजैविक फक्त शेवटच्या दोन कड्यांवर काम करते. तेल कमी करणे किंवा नलिका मोकळी करणे त्याच्या हातात नसते. त्यामुळे कपाळावर नुसते बारीक, लाली नसलेले दाणे असतील, तर प्रतिजैविकाची गोळी घेऊन फारसे काही साधत नाही. लाल, दुखरे, पू धरलेले फोड चेहऱ्यावर, पाठीवर, छातीवर मोठ्या भागात पसरले असतील, तेव्हा तिचा खरा उपयोग होतो.

टेट्रासायक्लीन घराणे

या औषधांचा इतिहास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेपासून सुरू होतो. तिथे बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसीन मिळवले आणि १९४८मध्ये ते जगापुढे आले. त्या काळी लेडर्लीतल्या संशोधनाची सूत्रे भीमावरममध्ये जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. ऑरिओमायसीनपाठोपाठ टेट्रासायक्लीन आले. १९६७मध्ये अमेरिकेत डॉक्सिसायक्लीनला परवानगी मिळाली, त्यानंतर काही वर्षांत मिनोसायक्लीन आले. याच घराण्यातले सारेसायक्लीन हे मुरुमांसाठीच तयार केलेले औषध. त्याला २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

टेट्रासायक्लीन गटातली औषधे जिवाणूच्या पेशीतल्या रायबोसोमला चिकटतात आणि त्याची प्रथिने बनवण्याची क्रिया अडवतात. पण मुरुमांच्या बाबतीत त्यांचा दुसरा गुण तितकाच, कदाचित जास्त मोलाचा आहे: ती थेट दाह कमी करतात. पांढऱ्या पेशींची मुरुमाच्या जागी होणारी गर्दी आणि ऊतींची झीज करणारी विकरे या दोन्हींना ती आवर घालतात. रोझेशिया या चेहरा लाल करणाऱ्या विकारासाठी अमेरिकेत २००६मध्ये ४० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी डॉक्सिसायक्लीन कॅप्सूल मान्य झाली. इतक्या कमी मात्रेत जिवाणू मरत नाहीत, तरीही रोझेशियाच्या फोडांना गुण येतो. मुरुमांवर गोळी काम करते तेव्हा ती केवळ जंतू मारते म्हणून, हा समज त्यामुळे अपुरा ठरतो.

पुरावा काय सांगतो?

या प्रश्नावरची एक महत्त्वाची चाचणी ब्रिटनमध्ये झाली. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. सौम्य ते मध्यम मुरुमे असलेल्या ६४९ जणांना पाच गटांत विभागून १८ आठवडे वेगवेगळे उपचार देण्यात आले. दोन गटांना पोटातून ऑक्सिटेट्रासायक्लीन किंवा मिनोसायक्लीन, एका गटाला लावायला नुसते बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि उरलेल्या दोन गटांना बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर लावायचे एरिथ्रोमायसीन. निकाल असा की स्वस्तातले, नुसते लावायचे बेन्झॉइल पेरॉक्साइड गोळ्यांच्या तोडीस तोड ठरले. ज्यांच्या त्वचेवरचे जिवाणू आधीच टेट्रासायक्लीनला दाद देत नव्हते, त्यांच्यात गोळ्यांचा गुण कमी आला. बेन्झॉइल पेरॉक्साइडवर अशा प्रतिकाराचा काही परिणाम झाला नाही.

या निकालातून गोळ्या निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे चूक ठरेल. चाचणीतली मुरुमे सौम्य ते मध्यम होती आणि पाठभर पसरलेल्या फोडांवर रोज मलम लावणे प्रत्यक्षात जमत नाही. पण सौम्य मुरुमांसाठी पहिल्याच भेटीत प्रतिजैविकाची गोळी लिहून देण्याला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित.

मिनोसायक्लीनबद्दल कॉक्रेन संस्थेचा २०१२चा आढावाही पाहण्यासारखा आहे. त्यात ३९ चाचण्यांचा विचार केलेला होता. मिनोसायक्लीन उपयोगी आहे, पण इतर उपचारांपेक्षा ते सरस असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, असा त्याचा सूर होता. महाग औषध म्हणजे जास्त चांगले औषध, या समजाला इथे छेद जातो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्सिसायक्लीनची शिफारस ठामपणे केली आहे, मिनोसायक्लीन आणि सारेसायक्लीनची सशर्त. अझिथ्रोमायसीनपेक्षा डॉक्सिसायक्लीनला पसंती द्यावी, असेही त्यात म्हटले आहे.

प्रतिकाराची किंमत

मुरुमांच्या जिवाणूमध्ये प्रतिजैविकांना प्रतिकार निर्माण झाल्याच्या पहिल्या नोंदी १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाल्या. त्या काळी लावायची एरिथ्रोमायसीन आणि क्लिंडामायसीन नव्याने वापरात आली होती. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात त्यानंतर वर्षानुवर्षे मुरुमांच्या रुग्णांच्या त्वचेवरचे नमुने तपासण्यात आले. प्रतिकारक्षम जिवाणू असलेल्या रुग्णांचे प्रमाण १९९१मध्ये ३४.५ टक्के होते, ते १९९७पर्यंत ६४ टक्क्यांवर गेले. एरिथ्रोमायसीन आणि क्लिंडामायसीनला होणारा प्रतिकार सगळ्यात जास्त आढळतो. टेट्रासायक्लीनला तो तुलनेने कमी आहे, पण आहे.

यापेक्षा मोठा प्रश्न चेहऱ्याच्या पलीकडचा आहे. पोटात घेतलेले प्रतिजैविक फक्त नाकाशेजारच्या फोडापर्यंत जाऊन थांबत नाही. ते घशात, आतड्यात, योनिमार्गात, सगळ्या त्वचेवर पोचते. महिनोन् महिने ते घेतले तर त्या प्रत्येक ठिकाणचे नाजूक जिवाणू मरतात आणि चिवट मागे उरतात. ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक मुरुमांच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविके घेणाऱ्यांना वर्षभरात घसा आणि श्वसनमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळली. अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावे इतकी ही गोष्ट किरकोळही नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी जवळचा होतो. मुंबईत २६ जुलै २००५च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. तेव्हापासून दर पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्या लोकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लीन घ्यावे, असे आवाहन महापालिका करते. सिंधुदुर्गातल्या भातशेतीत चिखलात उभे राहणाऱ्यांनाही हाच आधार आहे. विदर्भात डोके वर काढणाऱ्या स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लीन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. वेळेवर दिले तर जीव वाचतो, उशीर झाला तर जाऊ शकतो. मिनोसायक्लीन कुष्ठरोगाच्या राखीव औषधांपैकी एक आहे. अझिथ्रोमायसीनवर आपल्याकडे विषमज्वराच्या उपचाराची मोठी भिस्त आहे, कारण जुन्या औषधांना विषमज्वराचा जिवाणू दाद देईनासा झाला आहे. असे असूनही भारतातल्या खासगी बाजारातल्या २०१९च्या विक्रीचा अभ्यास केला तेव्हा सर्वाधिक खपणारे प्रतिजैविक अझिथ्रोमायसीनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हेच निघाले.

त्याच २०१९मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. हे सगळे ओझे मुरुमांच्या गोळ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण न्यूमोनियाच्या रुग्णाला प्रतिजैविक पाच-सात दिवस दिले जाते आणि मुरुमांच्या रुग्णाला पाच-सात महिने, हा फरक नजरेआड करता येत नाही.

किती दिवस आणि कशाबरोबर?

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१मध्ये दिलेल्या सूचना या बाबतीत सर्वांत नेमक्या आहेत. पोटातले प्रतिजैविक एकटे देऊ नये. लावायचे प्रतिजैविक एकटे देऊ नये. दोन्ही प्रतिजैविके एकदम तर मुळीच देऊ नयेत. गोळीबरोबर अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचे मिश्रण किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड लावायला द्यावे. बारा आठवड्यांनी रुग्णाला परत तपासावे. चेहरा स्वच्छ झाला असेल तर गोळी बंद करून मलम चालू ठेवावे. सुधारणा अपुरी असेल तर आणखी बारा आठवडे देता येतात. सहा महिन्यांच्या पुढे गोळी नेणे केवळ अपवादात्मक परिस्थितीतच.

या जोडणीमागचे तर्कशास्त्र सरळ आहे. अ‍ॅडापलीन हे जीवनसत्त्व अ शी नाते असलेले औषध नलिका बुजू देत नाही, म्हणजे मूळ कारणावर काम करते. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंना ऑक्सिडीकरणाने मारते, त्यामुळे त्याला प्रतिकार निर्माण होत नाही आणि गोळीला निर्माण होणारा प्रतिकारही त्याने रोखला जातो. अडीच टक्क्यांचे जेल दहा टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि आग कमी करते, म्हणून कडक जेल मागण्यात हशील नाही. टॉवेल आणि उशीच्या अभ्ऱ्यावर मात्र त्याचे पांढरे डाग पडतात, हे आधीच सांगितलेले बरे.

मलमे सुरुवातीला त्रास देतात, म्हणूनच ती सोडली जातात. एक दिवसाआड लावणे, चेहऱ्यावर वाटाण्याएवढेच मलम पसरणे, वर साधा मॉइश्चरायझर लावणे, असे केले तर बहुतेकांची त्वचा तीन-चार आठवड्यांत रुळते. डॉक्टरांनी हे दोन मिनिटे समजावून सांगितले तर गोळीवरचे अवलंबन आपोआप कमी होते. गोळी बंद केल्यावर मुरुमे परत येतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा गोळी बंद होण्याआधीच मलम बंद झालेले असते.

गोळी घेताना

डॉक्सिसायक्लीनची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे होणे, ही सर्रास घडणारी चूक आहे. कॅप्सूल अन्ननलिकेत छातीच्या मध्यभागी कुठेतरी अडकते, तिथेच विरघळते आणि आम्लधर्मी औषधाने आतले अस्तर भाजते. सकाळी उठल्यावर थुंकी गिळतानाही छातीत कळ येते. तरुण मुलगा हृदयविकाराच्या भीतीने इस्पितळात पोचतो आणि दुर्बिणीने पाहिले तर अन्ननलिकेत व्रण दिसतो. ते टाळायचे असेल तर जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून कॅप्सूल घ्यावी आणि निदान अर्धा तास झोपू नये.

लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची जेले टेट्रासायक्लीन गटातल्या औषधांना बांधून टाकतात, ती शोषली जात नाहीत. अ‍ॅनिमियासाठी लोह घेणाऱ्या मुलींनी दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लीनने त्वचा उन्हाला हळवी होते. दुचाकीवरून दुपारी फिरणाऱ्याला किंवा शेतात काम करणाऱ्याला आधी कल्पना दिली नाही तर चेहरा आणि हात भाजून निघतात. मिनोसायक्लीनने चक्कर येऊ शकते, दीर्घ वापराने त्वचेवर निळसर-करडी छटा येऊ शकते आणि क्वचित यकृताला सूज किंवा ल्युपससारखा विकार होऊ शकतो. गरोदरपणात आणि लहान मुलांना ही औषधे देत नाहीत, कारण बनत्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो. सतत डोके दुखणे आणि दिसायला अंधुक होणे हे मेंदूभोवतीचा दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेट्रासायक्लीन आणि तीव्र मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन एकत्र घेतल्यास हा धोका वाढतो, म्हणून ती दोन्ही एकदम दिली जात नाहीत.

गोळीऐवजी काय?

खोल गाठी, खड्डे पडणारी मुरुमे किंवा प्रतिजैविकांच्या पुरेशा कोर्सनंतरही न हटणारी मुरुमे असतील तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार लवकर व्हायला हवा. अमेरिकेत १९८२मध्ये मान्य झालेले हे औषध चारही कड्यांवर परिणाम करते आणि पुष्कळ रुग्णांत दीर्घकाळ सुटका देते. त्याची मोठी अट म्हणजे गर्भातल्या बाळाला त्याने गंभीर व्यंगे होतात. उपचाराच्या काळात आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळणे अत्यावश्यक असते. रक्ततपासणी आणि मनःस्थितीवर लक्ष हवे. एवढी काळजी घेतली तर वर्षभर प्रतिजैविके खात राहण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो.

पंचविशीनंतर हनुवटी आणि जबड्याच्या कडेला मुरुमे येणाऱ्या स्त्रियांसाठी संप्रेरकांवर काम करणारे उपचार आहेत. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील तर पीसीओएस या संप्रेरकांशी संबंधित विकाराची तपासणी आधी करावी. स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या औषधाची ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर चाचणी झाली. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात ते बिनऔषधी गोळीपेक्षा उपयोगी ठरले आणि त्याचा फायदा बारा आठवड्यांपेक्षा चोवीस आठवड्यांनी जास्त ठळक होता. गरोदरपणात तेही चालत नाही. पण ते प्रतिजैविक नसल्याने प्रतिकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

काही वेळा रोगच वेगळा असतो. गोरेपणासाठी केमिस्टकडून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित क्रीममुळे चेहऱ्यावर एकसारखे, लाल दाणे उठतात. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आणि २०१८मध्ये सरकारने लावायच्या अनेक स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातले. तरीही ही क्रीम सर्रास मिळतात. अशा रुग्णाला प्रतिजैविक देत राहण्याआधी क्रीम थांबवायला हवे. कपाळावर आणि छातीवर खाजणारे, एकाच आकाराचे दाणे असतील तर ते बुरशीमुळेही असू शकतात, आणि प्रतिजैविकाने ते उलट वाढतात.

निवाडा

मुरुमांना क्षुल्लक समजणे हा अन्याय आहे. सोळा-सतरा वर्षांचे मूल त्यांच्यामुळे वर्गात मान खाली घालून बसते, फोटो टाळते, लग्न ठरवण्याच्या वयात लोकांचे बोलणे ऐकून घेते. लवकर आणि नीट उपचार मिळणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्या उपचारांत प्रतिजैविकाला जागा आहे. मध्यम ते तीव्र, दाह असलेल्या मुरुमांत बारा आठवड्यांचे डॉक्सिसायक्लीन, सोबत अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड, हा आजही चांगला आणि परवडणारा उपचार आहे.

सुधारणा अपुरी असेल तर आणखी बारा आठवडे; अपवाद सोडले तर त्यापलीकडे गोळी ओढत नेण्याला पुराव्याचा आधार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहिताना शेजारीच ते बंद करायची तारीख लिहावी. केमिस्टने ती तारीख उलटलेल्या चिठ्ठीवर गोळी देऊ नये. आणि वाचकहो, तुमच्या किंवा तुमच्या मुलांच्या हातात मुरुमांची गोळी असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: ही गोळी प्रतिजैविक आहे का, ती कधी थांबवायची, आणि थांबवल्यावर काय लावत राहायचे?